उरलेल्या रसातली जोडी

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत बायकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या क्लासच्या दोन्ही गाड्या लहान, पांढऱ्या आणि कंटाळवाण्या आहेत. त्या तशाच असाव्यात. शेजारी शिकाऊ बाई आणि माझ्या पायाखाली जादाचा ब्रेक, अशी बरीच वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते. गाडी एकदम दगा देत नाही, आधी सांगते. क्लच जळायला लागला की वास येतो, ब्रेक संपत आले की चाक किंचाळतं, बेअरिंग गेलं की खालून घुं ऐकू येतं. पण काचा वर असतात आणि गाणी लावलेली असतात. म्हणून माझ्याकडे पहिले काही दिवस काच खाली आणि तोंड बंद.

घरात तिसरी गाडी होती, सासऱ्यांची. गोल पाठीची, जाड पत्र्याची. एके काळी सरकारी साहेब आणि साखर कारखान्यांचे चेअरमन जिच्यातून फिरायचे, ती. सासरे गेल्यावर ती खालच्या शेडमध्ये धूळ खात पडली होती. नवऱ्यानं पन्नाशी गाठली आणि त्याच निमित्तानं ती गाडी बाहेर काढली. त्याच्या एका शाळकरी दोस्ताची औद्योगिक वसाहतीत फाउंड्री आहे, लोखंड वितळवून ओतायची. हे दोघं मिळून गाडीला लागले.

आधी जुनं इंजिन काढून जीपचं डिझेल इंजिन बसवलं. मग पुढची बाजू खाली बसवली, मागची तशीच ठेवली, म्हणजे गाडी उभी असतानासुद्धा टक्कर मारायला निघाल्यासारखी दिसायची. मग रुंद टायर आणि लाल रिंगा आल्या. कागदावर ती अजून सासऱ्यांचीच गाडी होती, त्यात खरं उरलेलं म्हणजे छप्पर आणि नंबर.

रुंद टायरनं घोळ केला. चाक पूर्ण वळवलं की टायर आतल्या लोखंडी हाताला घासायचा. स्टिअरिंग फिरवल्यावर जो हात चाकाला ढकलून वळवतो, तो. डाव्या चाकाला एक, उजव्या चाकाला एक. दुसऱ्या गावी माणूस म्हणाला असता, टायर बदला. कोल्हापुरात तसं कुणी म्हणत नाही. इथं म्हणतात, करून घिऊ की.

दोस्तानं जुना हात नेला, थोडा जास्त बाक देऊन लाकडी साचा करवून घेतला आणि वाळूत ओतून नवे हात आणले. आम्हाला एक जोडी, आणि एक जोडी हुपरीच्या एका चांदीवाल्याला. त्याच्याकडेही असलीच गाडी होती. आमच्या गाडीचे फोटो बघून त्यानं हट्ट धरला होता, रिंगांच्या रंगासकट सगळं तसंच पाहिजे. त्याला आम्ही ‘हुपरीचं पाव्हणं’ म्हणायचो.

हात बघून मी पहिलं विचारलं, “बिडाचे आहेत का?”

बीड मला माहीत आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझ्या हातून बिडाचा तवा फरशीवर पडला आणि भाकरीसारखे दोन तुकडे झाले. वाकला नाही, पोचा आला नाही, सरळ दोन तुकडे.

“साधं बीड न्हवं ओ, वैनी,” दोस्त म्हणाला. “ह्यात मसाला हाय. रसात मसाला घातला की बीड पोलादागत हुतंय. घण घाला, वाकंल, पर तुटायचं न्हाय.”

“तुमच्या वैनीला सगळं तव्यासारखंच दिसतंय,” नवरा म्हणाला, आणि दोघं हसले.

हात बसले, टायर घासायचा थांबला. पुढचे दोनतीन महिने गाडी गावात मिरवली. सिग्नलला थांबली की पोरं फोटो काढायची, म्हातारे जवळ येऊन बॉनेटवर हात ठेवायचे. कुणीतरी विचारायचंच, “पावणं, इकायची हाय का?” आणि नवऱ्याचा तो दिवस चांगला जायचा.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मी तीच गाडी घेऊन झेंडूची फुलं आणायला गेले. माझी एक गाडी सर्व्हिसिंगला होती आणि दुसरीवर माझ्याकडची शिक्षिका क्लास घेत होती. बाजारातून निघताना जागा कमी होती, म्हणून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे कापलं. डाव्या चाकातून आवाज आला. टक्.

मोठा नव्हता. बोट मोडल्यासारखा. मी मागे घेऊन परत कापलं. परत टक्. उजवीकडे काही नाही. घरी येईपर्यंत मी काच खाली ठेवली आणि खड्डे चुकवत आले. सरळ रस्त्यावर काहीच नव्हतं, पण पार्किंगमध्ये वळताना ते पुन्हा झालं. तेव्हा मला आवाजापेक्षा स्टिअरिंगवरच्या माझ्या बोटांना बसलेला झटका जास्त खटकला. चाक आधी थांबलं आणि मग वळलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दसरा होता आणि आम्ही चंदगडला जाणार होतो. सासूबाईंचं माहेर तिकडं. त्यांना मी आत्ती म्हणते. त्यांचे थोरले भाऊ अंथरुणाला खिळलेले होते, यंदा त्यांच्या हातात सोनं द्यायचंच असं आत्तींनी ठरवलं होतं, आणि जायचं ते सासऱ्यांच्याच गाडीतून. नव्वदीला आलेली बाई. पुढच्या सीटवर, डाव्या बाजूला, डाव्या चाकाच्या बरोबर मागे बसणार. नेसरीच्या पुढे रस्ता वळणं घेतो. दोन्हीकडे काजूची झाडं आणि ओला उतार, पाऊस नुकता सरलेला. त्या वळणांवर स्टिअरिंग सरळ राहतच नाही.

मी नवऱ्याला सांगितलं.

“नवीन हाय, बसालंय हळूहळू,” तो म्हणाला.

“तीन महिने झाले. अजून बसतंय?”

“तुला आवाजाचं येड हाय. क्लासच्या बायका भेदरवून सोडल्यास, आता मला भेदरवालीस.”

दोस्त संध्याकाळी पूजेला आला तेव्हा त्यालाही सांगितलं. त्यानं चाकाला लाथ मारल्यासारखं केलं आणि कान देऊन ऐकल्यासारखं केलं. “टायरातला खडा असंल, वैनी.”

“मग चाक काढून बघा.”

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी देव्हारा उचलून खाली ठेवायला सांगितला. पार्किंगमध्ये चटईवर पाने, पक्कड, जॅक, हातोडे, टॉर्च, सगळं धुऊन पुसून ओळीनं मांडलं होतं. प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं, मध्ये ऊस, बाजूला कोहळा. इथली ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. खंडेनवमीला हत्यार पुजलं की दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटल्यावरच उचलायचं. त्या रात्री सगळ्या गावात एक लेथ चालत नाही. आजूबाजूची गॅरेजं बंद, शटरवर झेंडूची माळ. गाडी उघडायची तर दुसऱ्याच्या हातानंसुद्धा उघडता येणार नव्हती.

“पुजलेला पाना उचलायचा न्हाय,” नवरा म्हणाला. “उद्या सांच्याला बघू.”

“उद्या संध्याकाळी आपण चंदगडला असणार.”

“मग परवा बघू.”

मग गाडीची पूजा झाली. चाकांखाली चार लिंबं ठेवली. नवरा आत बसला, सरळ स्टिअरिंग धरून हळूच पुढे आला. तीन लिंबं फुटली. डाव्या पुढच्या चाकाखालचं फुटलं नाही, बाजूला सटकलं आणि घरंगळत गटाराच्या जाळीवर जाऊन थांबलं.

आत्ती खुर्चीत बसून बघत होत्या. “काय गे हे?” त्या मला म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

दोस्तानं लिंबू आणून परत ठेवलं. “फरशीला चढ हाय, आत्ती. काय न्हाय.” दुसऱ्यांदा ते फुटलं. सगळ्यांना बरं वाटलं.

मला लिंबाचं काही नव्हतं. माझ्या क्लासच्या गाड्यांखाली मी लिंबू ठेवत नाही, वाया जातं. पण मी वाकून चाकं बघत होते. स्टिअरिंग सरळ होतं, उजवं चाक सरळ होतं, आणि डावं किंचित बाहेर बघत होतं. लिंबू उगाच सटकलं नव्हतं. त्याला चाकानं ढकललं होतं.

जेवताना मी पुन्हा विषय काढला. माझ्या गाडीतून जाऊ म्हटलं, ती सर्व्हिसिंगहून आली होती. आत्ती म्हणाल्या, “त्या लाल अक्षराच्या गाडीतनं मी म्हायेराला जाऊ? लोक म्हणतील, म्हातारी डायविंग शिकालीया.” नवरा मोठ्यानं हसला. मी हसले नाही. त्या घरात त्या दिवशी हसणाऱ्यांचं बहुमत होतं.

पहाटे उठून मी वाटेसाठी भाकऱ्या थापायला घेतल्या. तव्याच्या कानावर कालचं हळदकुंकू होतं, विळीच्या पात्यावरही. हत्यारं पुजताना आम्ही बायका स्वयंपाकघरातली हत्यारंही पुजतो. मिक्सरलासुद्धा माळ होती. पूजा झाल्यावर तासाभरात याच विळीवर मी कांदा चिरला होता आणि याच तव्यावर जेवणाच्या भाकऱ्या केल्या होत्या. तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं की पुजलेला तवा उचलायचा नाही. उचलला नसता तर सगळे उपाशी झोपले असते.

मी गॅस बंद केला, पिठाचे हात पुसले आणि खाली गेले.

जॅक लावला, चाक उतरवलं. ते मी रोज शिकवते. मग चटईवरचा मोठा पाना उचलला. बोटाला हळद लागली. टॉर्च मारून बघितलं तर हात वरून छान दिसत होता, दोस्तानं त्याला लाल रंग दिला होता. मुळाशी, जिथं तो चाकाच्या अंगाला बोल्टनं धरलेला असतो, तिथं रंगाला केसासारखी रेघ होती. रंगालाच असेल, असं मी स्वतःला एकदा सांगून बघितलं.

“काय करालीस?” नवरा जिन्यात उभा होता. बनियनवर, दाढी अर्धी झालेली.

“चाक काढलंय. आता हा हात काढतेय.”

“पाना उचललास?”

“तवा पण उचललाय. वर भाकरी झाकून ठेवलीय, ती खाणार की नाही?”

त्याच्या मागे आत्ती कठडा धरून आल्या होत्या. मला वाटलं, आता त्या बोलतील आणि सगळं थांबेल. त्यांनी चटईवरची रिकामी जागा बघितली, उघडं चाक बघितलं, गटाराच्या जाळीकडे बघितलं.

“काढू दे तिला,” त्या म्हणाल्या. “बसायचंय मला त्यात.”

मी बोल्टला पाना लावून जोर दिला. नवरा दोन मिनिटं बघत राहिला. मग फेस पुसून खाली आला आणि म्हणाला, “सरक. उलटा फिरवालीस. आवळालीस तू तो.” खरंच आवळत होते.

त्यानं हात सुटा केला आणि माझ्याकडे दिला. आठवडी बाजारात तवा घेताना मी बोटाच्या पेरानं वाजवून बघते. तसाच तो हात दोरीला टांगून पान्यानं वाजवला. बद्द. ओल्या मडक्यासारखा. उजव्या चाकाचा जुना, काढून ठेवलेला कंपनीचा हात शेडमध्ये होता, तो वाजवला. तो घंटेसारखा वाजला, बराच वेळ.

नवऱ्यानं दोस्ताला फोन लावला. तो नव्या शर्टात, कपाळाला गंध लावून आला. येताना बडबड करतच आला, “काय वैनी, दसऱ्याला आमची परीक्षा?” मी हात त्याच्याकडे दिला. त्यानं दोरीला धरला, पान्यानं वाजवला. परत वाजवला. मग पाना खाली ठेवला.

“ह्यो एसजी न्हाय, मसाल्याचं बीड न्हाय,” तो म्हणाला. “हे साधं बीड हाय.”

“तुम्हीच म्हणाला होता, मसाला आहे म्हणून.”

“मसाला हुताच की.” तो चटईच्या कडेला उकिडवा बसला. मग त्यानं जे सांगितलं ते सांगताना त्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. मसाला घातलेला रस थांबत नाही. लगेच ओतावा लागतो. थांबला की मसाला उडून जातो आणि मागे साधं बीड राहतं. सोडा घातलेलं पीठ फार वेळ ठेवलं की फुगत नाही, तसंच हे, मी मनात म्हटलं. आणि फाउंड्रीत ऑर्डरचं काम आधी ओततात. सगळे साचे भरून झाल्यावर लाडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या बादलीत, जो रस उरतो, त्यात घरचं काम. कुणाच्या व्यायामाची वजनं, कुणाच्या गेटची फुलं, दोस्ताच्या गाडीचे हात. दोस्तांचं काम नेहमी उरलेल्या रसातच होतं. आपुलकीनं होतं, पण शेवटी होतं.

“त्या दिवशी ऑर्डर मोठी हुती,” तो म्हणाला. “थांबला आसंल रस.”

नवरा म्हणाला, “वाजवून बघितलं न्हाईस?”

“तुझंच काम, मर्दा. तुझं काय वाजवून बघायचं?”

त्यानं हात फरशीच्या कडेवर ठेवला आणि पुजलेल्यातलाच हातोडा उचलून एकदा मारला. फार जोरात नाही. हात मुळाशी तुटला. वाकला नाही. तुटलेला भाग आतून काळपट करडा होता, पाटीवरच्या पेन्सिलीसारखा. आणि त्या करड्यात वरच्या कडेला अर्धचंद्रासारखा गंजाचा तपकिरी डाग होता. तेवढा भाग आज तुटला नव्हता. तो आधीच तुटलेला होता, त्यात पाणी जाऊन गंज चढला होता. फुलबाजारात मी न तुटलेल्या, उरलेल्या भागाच्या भरवशावर जाऊन आले होते.

वरच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ लागला होता.

आत्तींनी विचारलं, “मग आता कशातनं?”

आम्ही लाल अक्षराच्या गाडीतून गेलो. मी चालवली. नवरा शेजारी बसला, जिथं जादाचा ब्रेक असतो, आणि नेसरीच्या पुढे प्रत्येक वळणावर त्यानं तो दाबला. “सोडा की पाय,” मी म्हणायची. तो “व्हय” म्हणायचा आणि पुढच्या वळणावर परत दाबायचा. आत्ती मागे आपट्याची पानं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि खिडकीतून खालच्या उताराकडे बघत होत्या. भावाच्या हातात सोनं देताना त्यांनी गाडीबद्दल एवढंच सांगितलं, की पोराच्या गाडीचं काम निघालं.

दोस्त आमच्याबरोबर आला नाही. तो सरळ हुपरीला गेला. दुसरी जोडी त्याच रसातली होती. दुपारी त्याचा फोन आला. पाव्हण्यानं त्याला फराळ दिला, सोनं दिलं आणि गाडीला हात लावू दिला नाही. आज हत्यार उचलायचं नाही म्हणाला. परवा ये. तिसऱ्या दिवशी गेला तर गाडी लग्नाच्या खरेदीला गेली होती. दोस्तानं दोन्ही गाड्यांसाठी नव्या जोड्या ओतल्या. यावेळी पहिल्या रसात, ऑर्डरच्या आधी, स्वतः उभा राहून. प्रत्येक हात वाजवून घेतला. आमची जोडी आम्ही बसवलीच नाही. नवऱ्यानं टायर बदलून कंपनीचे हात परत घातले, आणि गाडी पुन्हा म्हाताऱ्या साहेबासारखी दिसायला लागली. हुपरीची जोडी दोस्तानं नेऊन पाव्हण्याच्या हातात दिली.

परवा मी राजारामपुरीत एका बाईला पार्किंग शिकवत होते. समोर दवाखान्याच्या दारात ती गाडी उभी होती. लाल रिंगा, पुढून बसकी. पाव्हणं बायको आणि सुनेला घेऊन दवाखान्यातून बाहेर येत होते. सुनेच्या कडेवर लहान मूल होतं. मी उतरून गेले.

“घातली का जोडी?”

“घालायची हाय की, वैनी. डिकीतच हाय.”

“अजून डिकीत?”

“चालू गाडी कशाला उघडायची? मक्खन चालालीया.” त्यांनी बॉनेटवर थोपटलं. “दिवाळी झाली की बघतो.”

मी सांगितलं, आमचा हात एका हातोड्यात तुटला, आत गंज होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. चावी द्या म्हटलं, मी आत्ता माणूस बोलावते, तासाभराचं काम आहे. ते हसले. बायकोकडे बघून म्हणाले, “वैनींचा क्लास बरा चालालाय वाटतं, सगळ्यांस्नी भेदरवून सोडत्यात.” सून हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मग सगळे गाडीत बसले. पाव्हण्यांनी काच वर केली आणि गाणं लावलं.

जागा कमी होती. त्यांनी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे कापलं.

माझ्या गाडीत काच खाली होती. शिकाऊ बाई म्हणाली, “मॅडम, त्यांच्या चाकातून काहीतरी आवाज आला.”